‘दिसतंय ना, मग झालं!’ : मधुमेहींनो, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याच्या दाबाबाबत या चुका टाळा

पट्टी काढली की बहुतेक पेशंट समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागतात. आधी तारीख, मग वार, मग खालची बारीक अक्षरातली तिथी. "अगं, चतुर्थी दिसतेय मला!" असं लेकीला सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. नेमक्या त्याच वेळी मी म्हणते, "काका, हनुवटी इथे टेकवा, प्रेशर बघायचंय." आणि काका म्हणतात, "आता कशाला? दिसतंय की!"

डोळ्यांच्या ओपीडीत दाब मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे वाक्य कानाला सवयीचं झालंय. पण पेशंटला मधुमेह असला की ते ऐकून पोटात गोळा येतो. दिसणं आणि दाब ही दोन वेगळी खाती आहेत. दाब ३० असला तरी कॅलेंडरवरची चतुर्थी दिसते. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी आतली नस सुकत चाललेली असतानाही दिसते. आधी जातं ते कडेचं दिसणं, आणि तेही इतकं गुपचूप की दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागेपर्यंत माणसाला पत्ता नसतो.

डोळ्याचा दाब म्हणजे बीपी नव्हे

ही चूक पटकन उरकते. "बीपीची गोळी चालू आहे, मग डोळ्याचं प्रेशर कसं वाढेल?" असं विचारणारे रोज भेटतात. दोन्हींचा तसा थेट संबंध नाही. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होत असतं. अश्रू नव्हेत, आतलं पाणी. ते बाहुलीतून पुढे येतं आणि काळा भाग पांढऱ्याला मिळतो तिथल्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला असलेल्या बारीक जाळीतून निघून जातं. न्हाणीघराच्या मोरीवर जाळी असते ना, अगदी तशी. फरक इतकाच की इथला नळ कधीच बंद होत नाही. जाळीत काही अडकलं की पाणी तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी मागच्या नसेवर दाब देतं. साधारण १० ते २१ हा आकडा ठीक मानतात. तो पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, पण ओपीडीत कोणी एवढं लांबलचक बोलत नाही. "चौदा आहे, छान आहे," एवढंच म्हणतो आम्ही.

आता एक चांगली बातमी, कारण ती कोणी सांगत नाही. मोतीबिंदू काढल्यावर काही महिन्यांनी बहुतेकांचा दाब आधीपेक्षा दोन-चार आकड्यांनी कमीच भरतो. फुगलेलं जुनं भिंग निघून जातं, पुढची जागा मोकळी होते, मोरीचं तोंड उघडतं. प्रश्न असतो मधल्या काळाचा. त्यात मधुमेह असला तर अडचणी वाढतात. बाहुली औषध घालूनही पुरेशी मोठी होत नाही, त्यामुळे आत हाताळणी जास्त होते. डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपणाऱ्या असल्यामुळे सूज जास्त येते आणि लवकर उतरत नाही. शिवाय नसेचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा असतो, म्हणजे जो दाब दुसऱ्याचा डोळा चार दिवस सोसेल तो या डोळ्याला झेपेलच असं नाही.

पहिल्या रात्रीच्या उलटीला पित्त समजणं

आपल्याकडे कुठल्याही डोकेदुखीचं आणि उलटीचं एकच नाव असतं: पित्त. ऑपरेशनच्या दिवशी तर कारणंही हाताशी असतात. जेवणाची वेळ चुकली, जागरण झालं, धास्तीने चहा जास्त झाला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. साठीच्या एक मावशी, पंधरा वर्षांचा मधुमेह, सकाळी अकराला ऑपरेशन, दुपारी घरी. रात्री आठच्या सुमाराला कपाळाची एक बाजू ठणकायला लागली, भुवईच्या वर. नऊ वाजता पहिली उलटी. सुनेने पित्ताची गोळी दिली. दहाला दुसरी उलटी. मग शेजारच्या आजींच्या सल्ल्याने आलेपाकाच्या दोन वड्या. कोणीतरी म्हणालं, शुगर उतरली असेल, म्हणून वर लिंबूसरबत. सकाळी आमच्याकडे आल्या तेव्हा दाब ४२, आणि शुगर २८० च्या पुढे. बुबुळ श्वास सोडलेल्या आरशासारखं धुरकट. दवाखान्याच्या फाइलच्या पहिल्याच पानावर रात्रीचा फोन नंबर मोठ्या अक्षरात छापलेला होता. मावशींचा मुलगा म्हणाला, "एवढ्याशा उलटीसाठी डॉक्टरांना रात्री कशाला उठवायचं?"

झालं काय होतं, तर ऑपरेशन करताना डोळ्याच्या आतल्या नाजूक भागांना धक्का लागू नये म्हणून एक चिकट जेल भरतात. शेवटी ते धुऊन काढतात, पण कोपऱ्यात, नव्या लेन्सच्या मागे थोडं राहू शकतं. ते मोरीच्या जाळीत बसलं की पाणी तुंबतं. असा दाब साधारण ऑपरेशननंतर चार ते आठ तासांत वर जातो आणि बहुतेकांचा २४ तासांत आपोआप उतरतो. पुष्कळांना तर तो चढून उतरल्याचं कळतही नाही. पण जिथे नस आधीच कमकुवत आहे किंवा काचबिंदू (बहुधा दाबामुळे ही नस हळूहळू सुकत जाण्याचा आजार) आहे, तिथे एक रात्रसुद्धा महागात पडू शकते.

डॉक्टरांनी मावशींना मशीनसमोर बसवलं, सुन्न करायचे थेंब टाकले आणि ऑपरेशनच्या वेळच्या बाजूच्या बारीक छिद्राची कड सुईसारख्या उपकरणाने हलकेच दाबली. दोन थेंब पाणी बाहेर आलं. मावशी तिथल्या तिथे म्हणाल्या, "डोकं उतरलं हो." दाब १४. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण नळ चालूच असतो. तासाभराने पुन्हा मोजला तर २६. मग गोळी, थेंब, दुपारी पुन्हा मोजणी. म्हणून सांगते, "एकदा कमी झाला, आता जाऊ का?" अशी घाई करू नका. बाहेर बसवून ठेवतात ते उगाच नाही.

तर पहिल्या रात्री भुवईवर ठणका, मळमळ-उलटी, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी, किंवा संध्याकाळपर्यंत दिसत होतं ते अचानक धुरकट होणं, यातलं काही झालं की आधी फोन, मग पित्ताची गोळी. शुगर उतरल्याची शंका असेल तर ग्लुकोमीटरवर मोजा. अंदाजाने साखर भरवू नका. घरात ग्लुकोमीटर आहे आणि तो कपाटात आहे, ही आणखी एक आवडती चूक!

फोनवर बोलताना पाच गोष्टी सांगितल्या तर डॉक्टरांचं काम सोपं होतं: कुठला डोळा आणि कधी ऑपरेशन झालं, आधी काचबिंदू होता का, दमा आहे का, सल्फाची ॲलर्जी आहे का, आणि मूत्रपिंडाचा शेवटचा रिपोर्ट, म्हणजे क्रिएटिनिन, किती होता. या शेवटच्या तिन्हींवर कुठलं औषध देता येईल ते ठरतं. दाब झटपट उतरवण्याचं एक जुनं औषध आहे, ग्लिसरॉलचं गोड पातळ. ते मधुमेहात शुगर वाढवतं, म्हणून टाळतात. शिरेतून मॅनिटॉल देतात, पण त्याआधी हृदय आणि मूत्रपिंड बघावं लागतं. कोणी शेजाऱ्याने "आमच्या यांना ते गोड औषध दिलं होतं" म्हणून सुचवलं, तर हात जोडा.

डायमॉक्सच्या मुंग्या आणि साखरेचा खडा

पहिल्या रात्रीसाठी बऱ्याच ठिकाणी ॲसिटाझोलामाइडची गोळी देतात. मेडिकलवाले आणि पेशंट तिला डायमॉक्स म्हणूनच ओळखतात. ती डोळ्यातला नळच बारीक करते. तिने हातापायाच्या बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होतं, सोडा प्यायलात तर तो बेचव लागतो. माणूस मधुमेही असेल तर घरात दोन निष्कर्ष निघतात: एक, "शुगर उतरली", आणि दोन, "मधुमेहाने नसा गेल्या". पहिल्यावर साखरेचा खडा तोंडात जातो, दुसऱ्यावर गोळी बंद होते. खरं तर त्या मुंग्या गोळीच्या असतात आणि गोळी थांबली की जातात.

याचा अर्थ ही गोळी सगळ्यांना चालते असा नाही. मूत्रपिंड अधू असेल, सल्फाची ॲलर्जी असेल, पोटॅशियम कमी असेल तर डॉक्टर ती टाळतात. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांनीही लघवीवाटे पाणी जातं, तेव्हा दोन्ही एकत्र चालू असताना अंगात पाणी कमी पडू शकतं. म्हणून ऑपरेशनला येताना मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. "एक पांढरी आणि एक गुलाबी" या वर्णनावरून आम्हाला काही कळत नाही. एका काकूंनी उरलेल्या चार गोळ्या जपून ठेवल्या होत्या आणि महिन्याने यजमानांचं डोकं दुखलं तेव्हा त्यांना दिल्या. त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं होतं. पुढचं सांगत नाही, पण ॲडमिट व्हावं लागलं.

स्टिरॉइडच्या थेंबांची ‘लाल बाटली’ मुदत संपल्यावरही चालू ठेवणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण इथे दुखत नाही.

ऑपरेशननंतर सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडचे थेंब देतात: प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी काहीतरी. ते हळूहळू कमी करत चार ते सहा आठवड्यांत बंद करायचे असतात. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं: पहिला आठवडा सहा वेळा, मग पाच, मग चार. काही माणसांच्या डोळ्यातली जाळी स्टिरॉइडने आवळते. पाणी जाईनासं होतं आणि दाब चढतो. साधारण तीनातल्या एकाचा थोडाफार चढतो आणि शंभरातल्या चार-सहा जणांचा बराच. मधुमेह असणं, डोळ्याचा मोठा उणे नंबर असणं, आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असणं, यांपैकी काही असेल तर शक्यता आणखी वाढते. हा दाब पहिल्या दिवशी दिसत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत कधीतरी हळूच वर येतो. म्हणजे पहिल्या दिवसाची तपासणी चांगली आली, आठव्या दिवसाची चांगली आली, आणि नेमकी महिन्याची तपासणी "आता सगळं छान आहे, भाताची लावणी आहे" म्हणून बुडवली, तर तो सापडणारच नाही.

एसटीतून रिटायर झालेल्या एका काकांचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. ऑपरेशनआधी दाब १५. आठवड्याने १७. मग आले ते थेट अकराव्या आठवड्यात, तेही चष्म्याच्या नंबरसाठी. म्हणाले, "थेंब एकदम मस्त आहेत. टाकले की डोळा पांढराशुभ्र होतो. संपले की गल्लीतल्या मेडिकलमधून आणतो." मी दाब मोजला: ३६. पुन्हा मोजला: ३६. दुसरा, ऑपरेशन न झालेला डोळा: १६. दोन डोळ्यांतला हा फरकच सगळं सांगून गेला. काकांना काहीही दुखत नव्हतं. थेंब बंद केले, दाब कमी करणारे दुसरे दिले, तीन आठवड्यांत १८ वर आला. पण नजरेच्या परिघाच्या तपासणीत नाकाकडच्या बाजूला एक काळा डाग निघाला तो निघालाच. गेलेली नस परत येत नाही.

"मग मी स्टिरॉइड टाकतच नाही, शुगर वाढेल." ही उलट्या बाजूची चूक. थेंबातून रक्तात जाणारं औषध फार थोडं असतं. त्याने शुगर सहसा हलत नाही. पोटातल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. थेंब मध्येच तोडले तर दबलेली सूज उसळते, त्या सुजेच्या पेशी त्याच जाळीत जाऊन बसतात आणि दाब त्यामुळेही चढू शकतो. म्हणजे थेंब फार दिवस टाकले तरी दाब, आणि लवकर तोडले तरी दाब. म्हणून चिठ्ठीतला उतरता क्रम पाळायचा, तोही भिंतीवर चिकटवून.

बाटल्यांचा घोळ वेगळाच असतो. मधुमेहींना डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ नये म्हणून नेपाफेनॅक किंवा तशा जातीचे थेंब दोन-तीन महिने देतात. ते स्टिरॉइड नाहीत आणि त्यांनी दाब वाढत नाही. पेशंट नेमके हे "लांबलेत" म्हणून बंद करतो आणि स्टिरॉइड चालू ठेवतो! झाकणाच्या रंगावर विसंबू नका, आपल्याकडे कंपनीगणिक रंग बदलतो. बाटलीला चिकटपट्टी लावून मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: ‘सूज, १५ तारखेला बंद’, ‘पडदा, दोन महिने’. आणखी एक. ज्या अँटिबायोटिक थेंबांच्या नावापुढे डी किंवा पी असं एखादं अक्षर जोडलेलं असतं, त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. "साधे डोळे आल्याचे थेंब" म्हणून वर्षभराने घेतलेली बाटली तीच असू शकते. एकदा स्टिरॉइडने दाब वाढला होता हे कळलं की फाइलवर लाल पेनने लिहून घ्या, आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी त्वचेच्या किंवा दम्याच्यासुद्धा, ते सांगा.

दाब मोजताना श्वास रोखून धरणं

हवेची फुंकर मारणाऱ्या मशीनला लोक बिचकतात. डोळे घट्ट मिटतात, श्वास रोखतात, कॉलर गळ्याशी आवळलेली असते. या सगळ्याने आकडा खोटाच वाढतो. फुंकरीच्या मशीनवर जास्त आला तर घाबरायचं नाही. पिवळे थेंब टाकून निळ्या प्रकाशात डोळ्याला टेकवून मोजतात ती मोजणी जास्त भरवशाची. ती दुखत नाही. शर्टाचं वरचं बटण सोडा, तोंड किंचित उघडं ठेवा, समोर बघा.

दाब दिवसभर एकसारखा नसतो, पुष्कळांचा सकाळी थोडा जास्त असतो. बुबुळ जाड असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, पातळ असेल तर कमी. त्यामुळे "तिकडे १९ होता, तुमच्याकडे २२ कसा?" यावर भांडण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा तारीख, वेळ, उजवा, डावा असे चार रकाने एका वहीत आखा. शुगरची वही असतेच, तिच्याच मागच्या पानांवर. ऑपरेशनच्या आधीचा आकडा त्यात पहिला हवा. तोच नसला तर नंतरच्या २० ला आम्ही चांगलं म्हणायचं की वाढलेलं, हे कळत नाही.

घरी पापणीवरून बोटाने दाबून "कडक लागतोय का" बघणारे महाभाग असतात. नव्या जखमेवर दाब देऊ नका, एवढंच सांगते.

दाब उतरवणाऱ्या थेंबांबद्दल न विचारणं

टिमोलॉल हे स्वस्त आणि जुनं औषध. दमेकऱ्याला त्याने धाप लागू शकते, नाडीचे ठोके मंदावू शकतात. पण मधुमेहींसाठी खास गोष्ट ही की शुगर खाली गेल्यावर छातीत जी धडधड होते आणि हात थरथरतात, ती धोक्याची घंटा या जातीच्या औषधाने दबू शकते. घाम मात्र येतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे थेंब चालू असताना कारण नसताना घाम फुटला तर लगेच शुगर मोजावी.

थेंब टाकल्यावर डोळा हलकेच मिटून नाकाच्या हाडाकडच्या कोपऱ्यावर एक-दोन मिनिटं बोट ठेवायचं, म्हणजे औषध घशात आणि तिथून रक्तात कमी उतरतं. डोळ्याच्या गोळ्यावर नाही, हाडाकडे. दोन वेगवेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. एकामागून एक टाकले तर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. फोडलेली बाटली महिन्यानंतर वापरू नका. लॅटानोप्रोस्टसारखे थेंब फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात, पण ऑपरेशननंतर लगेच, विशेषतः पडद्याला सूज असेल तेव्हा, डॉक्टर ते सहसा जपून देतात. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाचे "तेच प्रेशरचे" थेंब उसने घेऊ नका.

कमी दाब म्हणजे चांगलाच, असं धरून चालणं

दाब ५-६ च्याही खाली गेला तर तोही त्रास. टाके न घालता केलेली जखम पुरती मिटली नसेल तर आतलं पाणी झिरपतं. उशीच्या अभ्र्यावर ओलसर डाग पडतो, डोळ्यातून सारखं पाणी येतं, दिसणं डुलल्यासारखं वाटतं. मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो, आणि ज्या वाटेने पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत जाऊ शकतात. पहिल्या आठवड्यात दुखणं वाढत जाणं, लाली वाढणं, दिसणं कमी होणं ही तीन लक्षणं एकत्र आली तर दाबाचा विचार सोडा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑपरेशन केलेल्या ठिकाणी जा. जंतुसंसर्गात तास मोजावे लागतात.

मोतीबिंदू पिकायची वाट बघणं, आणि नंतर पडदा विसरणं

"अजून पिकला नाही, पिकू दे" हा सल्ला आपल्या आजोबांच्या काळातला आहे. तेव्हाच्या ऑपरेशनच्या पद्धतीला तो शोभत होता. आज फार पिकलेला मोतीबिंदू स्वतःच फुगून किंवा गळून दाब वाढवू शकतो. मधुमेहींचं दुसरं नुकसान असं की त्या पांढऱ्या भिंगाआड पडदा दिसतच नाही. सोनोग्राफीने पडदा जागेवर आहे की नाही एवढं कळतं, बारीक रक्तस्राव कळत नाहीत. ऑपरेशन झाल्यावर पहिल्यांदा खिडकी उघडते, आणि तेव्हाच पेशंट "झालं एकदाचं" म्हणून गावाला जातो.

पडद्याला रक्त कमी पडायला लागलं की तो नव्या रक्तवाहिन्या मागवतो. या वाहिन्या कच्च्या असतात. त्या पुढे बुबुळाच्या कोपऱ्यातल्या जाळीवर पसरल्या तर मोरीवर वेल चढल्यासारखं होतं. मग दाब ४०-५० वर जातो, डोळा लाल होऊन असह्य दुखतो, आणि साध्या थेंबांना दाद देत नाही. ऑपरेशनआधी उपचार न झालेल्या पडद्याच्या बाबतीत हा धोका जास्त. वेळेत सापडलं तर पडद्याचं लेसर आणि डोळ्यातली इंजेक्शनं यांनी ते थोपवता येतं. त्यामुळे ऑपरेशननंतर बाहुली मोठी करून पडदा कधी बघायचा, हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा. त्या दिवशी गाडी चालवत येऊ नका, सोबत कोणीतरी असू द्या.

इंजेक्शनांतही फरक असतो. नव्या वाहिन्या आटवणाऱ्या इंजेक्शनने दाब काही मिनिटं वर जाऊन बहुधा उतरतो. पडद्याची सूज उतरवायला डोळ्यात स्टिरॉइड सोडलं असेल तर दाब दोनेक महिन्यांनी वर येऊ शकतो, आणि बाटली बंद करता येते तसं ते काढून घेता येत नाही. "कुठलं इंजेक्शन दिलं?" हे कागदावर लिहून घ्या. ‘डोळ्यात सुई’ एवढंच लक्षात ठेवून भागत नाही.

तांब्याभर पाणी आणि शीर्षासन

सकाळी उठल्याउठल्या तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय पुष्कळांना असते. निचरा चांगला असेल तर काही बिघडत नाही. पण काचबिंदूची तपासणी म्हणून पूर्वीपासून पाच मिनिटांत लिटरभर पाणी पाजून दाब किती चढतो ते बघतात, यावरून काय ते समजा. दाब वाढलेला असेल तेव्हा तेच पाणी अर्ध्या तासात घोटघोट प्या. कमी पिऊ नका, मधुमेहात तेही बरं नाही.

शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळपास दुप्पट होतो. नव्या जखमेच्या डोळ्याला तर ते नकोच, आणि काचबिंदू असेल तर कायमचंच सोडून द्या. सूर्यनमस्कार, खाली वाकून लादी पुसणं, भरलेली बादली उचलणं, कुंथणं हे सगळं डॉक्टर परवानगी देईपर्यंत थांबवा. सासूबाईंना देवापुढे डोकं टेकवल्याशिवाय चैन पडत नसेल तर खुर्चीत बसून हात जोडू द्या.

लेसर झालं, आता काय!

काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, पुन्हा धूसर दिसायला लागतं. "मोतीबिंदू परत आला" म्हणून लोक घाबरून येतात. मोतीबिंदू परत येत नाही. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवलेली असते तिच्यावर मागच्या बाजूने साय धरते. ती लेसरने पाच-दहा मिनिटांत उघडता येते. ना सुई, ना पट्टी, ना उपास. त्यामुळे हे म्हणजे काहीच नाही, अशी समजूत होते. पण फोडलेल्या सायीचे बारीक कण तरंगत जाऊन बसतात कुठे, तर त्याच जाळीत. पुढच्या काही तासांत दाब चढू शकतो. आधीपासून काचबिंदू असेल, किंवा पूर्वी कधी दाब वाढला असेल, तर लेसरच्या आधीच सांगा, म्हणजे डॉक्टर त्याप्रमाणे थेंब टाकतात. नंतर तासा-दोन तासांनी आम्ही पुन्हा हनुवटी टेकवायला बोलावतो. तोवर रिक्षा खाली थांबवून ठेवू नका.